घरचंच हाय बियाणं

संपादक गुरुजींनी मला गमतीजमती लिहायला सांगितल्यात. ड्रायव्हर माणसाकडं किस्से लय असतात, म्हणाले. असतात की. पण माझी बायको सुभद्रा गेल्या साली गेली, आणि तेव्हापासून मला कशाचीच गंमत वाटत नाही. तेव्हा डोक्यात जे खदखदतंय तेच लिहितो. पटलं तर छापा, नाहीतर परत पाठवा. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन गुरुजींनी सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

मिलिटरीत गाडी शिकलो आणि सुटून आल्यावर सातारा-सांगलीच्या हद्दीवरच्या एका शेती संशोधन केंद्रात जीपवर लागलो. केंद्राचं नाव लिहीत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट.

लोकांना वाटतं, ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी चालवणं. गाडी काय कुणीही चालवतो. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात जीप रुतू न देता बांधापर्यंत न्यायची, घाटात रेडिएटर उकळायच्या आत थांबायचं, आणि मागं साहेब लोक एकमेकांची उणीदुणी काढत असताना आपण दगड असल्यासारखं बसायचं, हे खरं काम. साहेब आत असताना माझी जीप कधी रुतली नाही, हे मी छाती पुढं काढून सांगतो. दगड होणं मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही. मागच्यांना वाटायचं, ड्रायव्हर म्हणजे स्टिअरिंगला फुटलेला कोंब, त्याला कान कुठले. शास्त्रज्ञाचं वजन कसं करतात ते मी त्याच कानांनी शिकलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शास्त्रज्ञ काम करतो आणि ते इंग्रजीत लिहून मोठ्या मासिकात छापतो. त्याला पेपर म्हणतात. मग दुसरा शास्त्रज्ञ आपला पेपर लिहिताना ‘अमक्यानं पूर्वी असं दाखवलंय’ म्हणून पहिल्याचं नाव घेतो. असं नाव जितक्या वेळा घेतलं जाईल तितकं त्या माणसाचं वजन. कुणी कुणाचं नाव घेतलं हे बारीक अक्षरात छापलेली जाडजूड पुस्तकं अमेरिकेहून यायची. ती मोठ्या शहरातल्या लायब्ररीत असायची. आमच्या केंद्राचे प्रमुख, आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो, तिथं जाऊन आपले आकडे उतरवून आणायचे आणि येताना जीपमध्ये मोठ्यानं वाचायचे. दुसरं वजन सहकार्याचं. कुणाकुणाबरोबर मिळून पेपर लिहिले, त्यात परदेशातले किती.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे बरं वाटलं. चावडीवर ज्या म्हाताऱ्याचा शब्द चारजण काढतात तो म्हातारा मोठा, तसंच हे. पण ऐकता ऐकता कळलं की हे चावडीसारखं नाही, लग्नातल्या टोपी-टॉवेलासारखं आहे. तुम्ही माझ्या लग्नात टोपी-टॉवेलाचा आहेर केलात, मी तुमच्या लग्नात करतो. ती टोपी कुणी घालत नाही, त्या टॉवेलानं कुणी अंग पुसत नाही. ट्रंकेत ठेवायचा आणि पुढच्या मांडवात फिरवायचा. मोठे साहेब सांगलीच्या एका साहेबांचं नाव आपल्या पेपरात घ्यायचे, ते साहेब यांचं घ्यायचे, आणि दोघं मिळून तिसऱ्याचं. हे मी बनवून सांगत नाही. ‘त्यांनी आपलं दोनदा घेतलंय, आपल्याला घ्यायला पाहिजे,’ हे वाक्य मी माझ्या जीपमध्ये ऐकलंय.

एकदा एक परदेशी प्रोफेसर आले. मोठ्या साहेबांचा त्यांच्याबरोबर मिळून पेपर व्हायचा होता. मी त्यांना प्लॉटवर नेलं. रान नुकतंच भिजवलेलं. बूट खराब होतील म्हणून ते खाली उतरले नाहीत. जीपमध्ये बसूनच त्यांनी फोटो काढला आणि विचारलं, जवळपास बघण्यासारखं काय आहे. मग पाचगणी. तिथं त्यांनी स्ट्रॉबेरी खाल्ली, घोड्यावर बसले, माझ्या फेट्याचाही फोटो काढला. पुढं तो पेपर छापून आला आणि त्यात त्यांचं नाव दुसऱ्या नंबरला होतं. मी सुभद्राला हे सांगितलं. ती त्याच प्लॉटवर रोजंदारीला होती, दोन हंगाम त्या चिखलात वाकलेली. ती म्हणाली, “मग तुमचं नाव तिसरं पायजे हुतं. घोडं तुमीच धरलं हुतं न्हवं?”

आता ज्या माणसासाठी हे सगळं लिहितोय त्याच्याकडं येतो. मगदूम साहेब. सांगलीकडचे जैन, घरी शेती, बोलणं कमी. दिवस मावळायच्या आत जेवायचे, म्हणून कुठंही गेलो तरी मला त्यांना उजेडात परत आणावं लागायचं. तेवढा एकच त्यांचा हट्ट. त्यांचं काम होतं शाळूवर. शाळू म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. पावसानं पाठ फिरवली तरी जमिनीतल्या ओलीवर तग धरणारा, आणि भाकरीला गोड असा शाळू त्यांना काढायचा होता. निवडलेल्या कणसांना फुलोऱ्याआधी कागदी पिशव्या बांधायच्या, म्हणजे शेजारच्या वाणाशी भेसळ होत नाही. हे काम बायकांचं. मगदूम साहेब त्यांच्यात उभे राहून स्वतः पिशव्या बांधायचे. वर्षानुवर्षं. पेपर त्यांनी लिहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. शेतकऱ्यांच्या एका मासिकात मराठीत लिहायचे, पण मराठीत लिहिलेलं वजनाला धरत नाहीत.

चाचणी संपली की उरलेलं धान्य मजुरांना वाटायची तिथली पद्धत होती. दुष्काळाच्या वर्षी वाटप झालं तेव्हा मगदूम साहेब बायकांना म्हणाले, हे खाऊ नका, पेरा. घरात खायला नसताना हे सांगायचं आणि ते बायकांनी ऐकायचं, दोन्ही अवघडच. माझी सुभद्रा आटपाडीकडची. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. पुढच्या पेरणीला ती माहेरी गेली आणि पदरातलं बियाणं धाकट्या भावाच्या, दगडूच्या, रानात पेरून आली. ते पीक असं आलं की शेजारचे बांधावर येऊन उभे राहायचे.

पुढं ते बियाणं पसरलं कसं, तर ओटीतनं. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात. तांदळानं भरतात म्हणे. आटपाडीकडं तांदूळ कुठला? तिथं ज्वारीनंच भरायची. दगडूच्या बायकोनं नणंदांच्या, भाच्यांच्या ओट्या त्या शाळूनं भरल्या. त्या पोरींनी सासरी जाऊन तो पेरला. त्यांच्या सासवांनी आपल्या लेकींच्या ओट्या भरल्या. तीन-चार वर्षांत त्या भागात जिकडं बघावं तिकडं तोच शाळू. मी गाडीवर फिरायचो, मला दिसायचं. ताटाच्या पेराला तांबूस झाक, कणीस गच्च, दाणा मोत्यासारखा. मी मगदूम साहेबांना सांगायचो, अमक्या गावालाही दिसला. ते नुसते मान हलवायचे. पण त्या दिवशी घरी जाताना शिट्टी वाजवायचे.

मग कमिटी आली. दुष्काळ सरून चार-एक वर्षं झाली होती. केंद्रावर कुणाचं काम ठेवायचं, कुणाचं बंद करायचं ते ती ठरवणार होती. मोठ्या साहेबांना शाळूची जमीन उसाच्या कामाला हवी होती. मगदूम साहेबांचं वजन भरलं नाही तर त्यांचा प्लॉट जाणार, त्यांची बदली होणार, आणि प्लॉटवरच्या बायकांची रोजंदारी तुटणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

कमिटीचे अध्यक्ष काळ्या चष्म्याचे, आवाजानं गोड. मोठ्या साहेबांच्या पेपरांची चळत टेबलावर. मगदूम साहेबांपुढं काही नाही. अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या कामाचा परिणाम कुठं दिसतो? मगदूम साहेब म्हणाले, रानात दिसतो, चला दाखवतो. अध्यक्षांना हे आवडलं. मोठे साहेब म्हणाले, चला की, हुरड्याचे दिवस आहेत. मगदूम साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या मेव्हण्याच्या रानात न्या. मला वाटलं, आता एकदाचं तोंडावर मारायचं.

आटपाडीत गेल्यावर घोटाळा झाला. कमिटी सरकारी, म्हणून तहसीलकडनं एक तलाठी आमच्याबरोबर दिला. नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही. साहेब लोकांना त्यात वावगं काय दिसणार?

वावगं काय ते मी सांगतो. तेव्हा ज्वारीवर लेव्ही होती. पिकवलं त्यातलं ठरलेलं धान्य सरकारला घालायला लागायचं. सुधारित बियाणं म्हणजे पीक जास्त, पीक जास्त म्हणजे लेव्ही जास्त, असं गावानं मनाशी धरलेलं. आणि दुसरं म्हणजे आणीबाणीतली नसबंदीच्या ऑपरेशनची मोहीम. सरकारी जीप गावात शिरली की ती एक तर धान्य न्यायला नाहीतर माणसं उचलून न्यायला. आमची जीप वेशीत शिरली मात्र, पारावरचे बाप्ये उठले आणि धावत शाळूत घुसले. अध्यक्ष म्हणाले, गावात पुरुष नाहीत का? शाळू पुरुषभर उंच. ताटं हलत होती. ज्या शाळूचा परिणाम बघायला हे शहाणे आले होते त्याच शाळूत गाव लपून बसलं होतं.

दगडूला मी आधी निरोप दिला होता, म्हणून तो बांधावर थांबलेला. हुरड्याची आगटी पेटवलेली. पण मागच्या फळीवरनं तलाठी उतरला आणि दगडूचं तोंड उतरलं.

अध्यक्षांनी विचारलं, “हे बियाणं कुठून आणलंत?”

दगडूनं तलाठ्याकडं बघितलं. “घरचंच हाय बियाणं, साहेब.”

“संशोधन केंद्राचं काही वापरता?”

“न्हाई वो. आमाला कुठलं झेपतंय ते सुधारित. वाडवडलांपास्नं हेच हाय.”

“यांना ओळखता?” अध्यक्षांनी मगदूम साहेबांकडं बोट केलं. मगदूम साहेब त्याआधी दोनदा त्याच बांधावर बसून दगडूच्या घरची भाकरी खाऊन गेले होते.

“न्हाई साहेब.”

मी पुढं होऊन म्हणालो, “दगडू, नीट सांग रं.”

तो माझ्याकडं वळला. सख्खा मेव्हणा माझा, एरवी दाजी-दाजी करून पाठ न सोडणारा. म्हणाला, “ड्रायव्हर साहेब, पाणी देऊ का?”

मी मगदूम साहेबांकडं बघितलं. ते पिकात दोन पावलं शिरले, एक कणीस हातात घेतलं, दाण्यांवरनं अंगठा फिरवला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांचंच पीक, खुणा त्यांना पाठ. चार वाक्यं बोलले असते तर अध्यक्षांना पटलं असतं. त्यांनी मान वळवून तलाठ्याकडं पाहिलं. तलाठ्यानं पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. मगदूम साहेबांनी कणीस सोडलं आणि म्हणाले, “चला, हुरडा गार होतोय.”

मग सगळ्यांनी हुरडा खाल्ला. अध्यक्ष म्हणाले, असा गोड हुरडा मी खाल्ला नाही. मोठे साहेब म्हणाले, गावरान चवच वेगळी. मी माझ्या वाटणीचा हुरडा आगटीत टाकला.

परत येताना तलाठी आटपाडीपर्यंत मागं बसलेला. अध्यक्ष मोठ्या साहेबांना म्हणाले, शेतकऱ्यांपर्यंत काही पोचलेलं दिसत नाही. मोठे साहेब म्हणाले, मी तेच म्हणत होतो. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, “साहेब, आत्ता तुमी जो हुरडा खाल्ला तो...”

मागनं मगदूम साहेब म्हणाले, “शिवराम, पुढं बघा. बैलगाडी आहे.”

पुढं बैलगाडी नव्हती. सडक मोकळी होती. अध्यक्ष म्हणाले, हां, ड्रायव्हर, गाडीकडं लक्ष द्या. मी दिलं. वाटेत दिवस मावळला. मगदूम साहेब त्या दिवशी उपाशी झोपले.

निकाल सांगायला नको. मगदूम साहेबांची बदली पाटणला झाली, भाताच्या कामावर. कोयनेच्या त्या पावसात, जिथं छत्रीला बुरशी येते तिथं, कोरडवाहू शाळूचा माणूस. ज्यानं ही बदली सुचवली त्याला शाळू आणि भात यातला फरक ताटात तरी कळत होता का, मला शंका आहे.

सामान जीपमध्ये घालून मीच त्यांना सोडायला गेलो. वाटेत विचारलं, साहेब, का बोलला न्हाई? ते म्हणाले, “शिवराम, मी बोललो असतो तर तलाठ्यानं लिहिलं असतं. त्यांच्या कणगीतली ज्वारी काढून माझ्या नावाला वजन आणायचं का?”

लोकांना हे ऐकून डोळ्यांत पाणी येतं. मला आलं नाही. मी जीप कडेला घेतली आणि त्यांना तोंडावर म्हणालो, “तुमी थोर झाला साहेब. प्लॉटवरच्या बायकांचं काम गेलं. त्यांच्या कणगीचं कुणी बघायचं?” मग जीप पुन्हा सडकेवर घेतली आणि पाटण गाठलं. सामान उतरवताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, सुभद्राबाईंना सांगा, पिशव्या त्यांच्याइतक्या नीट कुणी बांधल्या नाहीत. मी मान हलवली. राग तसाच होता. आजही आहे, त्यांच्यावरही आहे.

प्लॉट नांगरला तेव्हा सुभद्रा कुंपणाशी उभी होती. उभं पीक, पिशव्या बांधलेली कणसं, त्यावरनं ट्रॅक्टर गेला. पुढं ती दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची, पानांनी हात कापून यायचे. पण ती केंद्रावर रागावली नाही, कमिटीवर रागावली नाही. तिचा सगळा राग दगडूवर. मी समजावलं, तलाठी होता, घाबरला बिचारा. ती म्हणाली, “त्या दिशी घाबरला, खरं. पर तलाठी गेल्यावर? लेव्ही उठल्यावर? अजून गावात घरचंच म्हणून सांगतोय. माझ्या पदरातनं गेलंय ते.” त्या वर्षी भाऊबीजेला दगडू आला. तिनं त्याला जेवायला वाढलं, पण ओवाळलं नाही. म्हणाली, आधी चारचौघांत साहेबांचं नाव घे, मग पाटावर बस. तो हसला. त्याला वाटलं, आक्का चेष्टा करतेय. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शेवटी त्यानं भाऊबीजेला यायचं सोडलं. लग्नाकार्यात भेटायचे, बोलायचे. ओवाळणीचं ताट मात्र तिनं त्याच्यापुढं कधी धरलं नाही. मला ते पोरकट वाटायचं. आता नाही वाटत.

मगदूम साहेब पाटणलाच निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. मोठे साहेब बरेच वर चढले, मग तेही गेले. त्यांच्या नावाचं सभागृह आहे.

आमची नात कॉलेजात संशोधन करते. सुभद्रा जायच्या आधी एकदा सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, आजोबा, आता ते जाडजूड पुस्तक गेलं, सगळं मोबाईलवर दिसतं, नावासमोर आकडा येतो. मी म्हटलं, बघ. मोठ्या साहेबांचं नाव घातलं, आकडा आला. माणूस मेला तरी आहेर चालूच. मगदूम साहेबांचं घातलं, काही आलं नाही. तिनं दोन-तीन तऱ्हांनी घालून बघितलं. सुभद्रा चुलीपुढं होती. तिनं विचारलं, काय म्हणतोय तुझा मोबाईल? नात म्हणाली, आजी, त्यांचं कुणी नावच घेतलेलं नाही. सुभद्रानं तव्यावरची भाकरी उलटली, टम्म फुगली, ती नातीच्या ताटात टाकली आणि म्हणाली, “खा. अन् मग त्याला इचार, ही कुणी लिवली.”

गेल्या साली ती गेली. दुखणं थोडं झालं. माझ्याआधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून बायका भाग्याची म्हणाल्या. मला त्या बायकांचाही राग आला.

अशा बाईची शेवटची ओटी माहेरच्यांनी भरायची असते. दगडूला निरोप धाडला. तो येईपर्यंत थांबलो. काठी टेकत आला, नातवानं धरलेलं, काखेत हिरवं लुगडं आणि कापडात बांधलेलं धान्य. त्याच्या सुनेनं लुगडं पांघरलं. गाठ सोडली. शाळू होता. पांढराधोप, मोत्यासारखा. मी ओळखला.

दगडूनं स्वतः ओंजळ भरली. ओटीत घालताना तो माझ्याकडं बघून पुटपुटला, “दाजी, मगदूम साहेबांची ज्वारी हाय.”

मी म्हणालो, “मला काय सांगतोस? मोठ्यानं बोल. तिला ऐकू जाऊ दे.”

अंगणात सगळं गाव उभं होतं. दगडूनं मान वर केली आणि बोलला.